अजिंठा सव्वीस वेळा, जहांगीर पहिल्यांदा

सोमवार, रात्र

आमच्या आप्पांनी अजिंठा सव्वीस वेळा पाहिलाय. दरवर्षी शाळेची सहल, ठरलेली एस्टी, फर्दापूरला डबे सोडायचे आणि सोळा नंबरच्या लेण्यात पोरांना उभं करून तेच वाक्य म्हणायचं, "हात लावायचा नाही, श्वाससुद्धा हळू घ्या." बत्तीस वर्षं त्यांनी अमळनेर तालुक्यात चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसलेल्या पोरांच्या पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. पण मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी काही त्यांनी पाहिलेली नव्हती. मुंबईला जायचे ते कुणाच्या लग्नाला नाहीतर कुणाला दवाखान्यात बघायला, आणि संध्याकाळच्या गाडीने परत.

मी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढतात त्या कारखान्यात, ग्रेडर आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत गाड्या यायच्या, मुठीत कापूस घ्यायचा, ओढून धाग्याची लांबी बघायची, मॉइश्चर मीटर खुपसायचं, कवडी (किडका, डागी कापूस) किती ते सांगायचं आणि शेतकऱ्याच्या शिव्या खायच्या. जुलैत जिनिंग बंद असते. मशिनी उघडून पडलेल्या, शेतात कापूस वीतभर. म्हणून म्हटलं, आप्पा चौऱ्याहत्तर झाले, आता नाही तर कधी? माय बोलली, जा, पण कानबाई (आमच्या खान्देशातला श्रावणातला देवीचा सण) बसायच्या आत घरी पाहिजे दोघं. तिने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लसूण-मिरचीचा ठेचा असा चार माणसांना पुरेल एवढा डबा बांधला. मुंबईत खायला मिळतं यावर तिचा विश्वास नाही.

अमळनेरहून एस्टीने जळगाव, जळगावहून रात्रीची गाडी. ४२० किलोमीटर. आप्पांना खालचा बर्थ मिळाला, पण झोपले नाहीत. चाळीसगाव आलं तेव्हा खिडकीशी तोंड लावून फलाटाच्या पलीकडच्या अंधाराकडे बघत होते.

"केकी मूसचं घर इथंच," म्हणाले.

केकी मूस मुंबईत जन्मलेला पारशी माणूस. फोटोग्राफर, चित्रकार. टेबल-टॉप फोटोग्राफीत, म्हणजे टेबलावर वस्तू मांडून काढायच्या फोटोंत, त्यांचा हात धरणारे फार थोडे. आयुष्य काढलं चाळीसगावात, स्टेशनजवळच्या बंगल्यात, आणि तेही घराबाहेर जवळजवळ न पडता. १९८९ साली तिथेच गेले. सांगतात की मुंबईहून कुणीतरी येणार होतं, म्हणून रोज रात्री पंजाब मेलच्या वेळेला दार उघडं ठेवायचे. खरं-खोटं त्या पंजाब मेललाच ठाऊक. पण आप्पांनी ही गोष्ट प्रत्येक वर्गाला सांगितली आहे, आणि आता मध्यरात्री मलाही पुन्हा सांगितली. समोरच्या बर्थवरचे काका उठून बसले आणि म्हणाले, "मग? आली का ती?"

मंगळवार

पहाटे सीएसएमटी. पाऊस नव्हता, पण हवा अशी की मीटर लावलं असतं तर काटा तुटला असता. आमच्याकडे आठ टक्के ओलावा धरून भाव काढतात आणि बाराच्या वर गेलं की माल परत. मुंबईत आख्खा माणूसच बाराच्या वर असतो.

फोर्टातल्या एका गल्लीत लॉज फोनवर ठरवला होता. मॅनेजर म्हणाला, खोली बाराला मिळेल. फोनवर "या कधीपण" म्हणाला होता. सामान काउंटरमागे टाकलं, तिथल्याच नळावर तोंडं धुतली आणि निघालो. (बाराला मिळालेल्या खोलीला खिडकी होती. उघडली की हातभर अंतरावर भिंत. आप्पा म्हणाले, कॅनव्हास आहे, रंगवायचा राहिलाय.)

इराण्याकडे बनमस्का खाल्ला. आप्पांनी चहात बुडवून खाल्ला आणि मग विचारलं, "यात गोड काय घालतात?" त्यानंतरचे दोन्ही दिवस तिथेच.

काळा घोडा म्हणजे कुठला भाग, हे मुंबईच्या माणसाला विचारलं तर तो हात गोल फिरवतो. महात्मा गांधी रस्त्याचा एक तुकडा, त्याच्या मागच्या दोन-तीन गल्ल्या, एवढाच मामला. पण त्या तुकड्यात एका बाजूला प्रिन्स ऑफ वेल्सचं जुनं म्युझियम, म्हणजे आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, त्याला लागून जहांगीर, समोर नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट, डेव्हिड ससून लायब्ररी, एल्फिन्स्टन कॉलेज आणि वॉटसन हॉटेलचा लोखंडी सांगाडा. या वॉटसनमध्ये ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. भारतातला पहिला सिनेमाचा खेळ तो. आज त्या इमारतीला आधार देऊन उभं केल्यासारखं वाटतं. आप्पा खाली उभे राहून म्हणाले, "पहिला खेळ इथे, आणि आमच्या तालुक्याला टुरिंग टॉकीज यायला साठ वर्षं."

चौकात घोडा आहे, त्यावर स्वार नाही. हा नवा घोडा, २०१७ सालचा. मूळच्या घोड्यावर एडवर्ड सातवा बसलेला होता. १८७५-७६ मध्ये युवराज असताना तो मुंबईला येऊन गेला, त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससूनने पुतळा दिला आणि १८७९ मध्ये तो उभा राहिला. लोकांनी राजाचं नाव घेतलंच नाही, घोड्याचं घेतलं. १९६५ मध्ये पुतळा उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला, तरी जागेचं नाव घोड्याचंच राहिलं. आप्पांचं ठरलं होतं की खरा घोडा बघायचाच. ते प्रकरण पुढे येईल.

म्युझियम सव्वादहाला उघडलं. इमारत जॉर्ज विटेटची. १९०५ मध्ये पायाभरणी, पहिल्या महायुद्धात आत लष्करी दवाखाना आणि लोकांसाठी उघडलं थेट १९२२ मध्ये. विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला घुमट आहे, पण त्याच्याकडे बघत राहिलं की आतलं राहून जातं. आम्ही सगळं बघितलं नाही. सगळं बघायला गेलात तर काहीच दिसत नाही, असं आप्पांचं जुनं मत. लघुचित्रांच्या दालनात त्यांनी तासभर काढला. चष्मा कपाळावर, नाक काचेला टेकायला आलेलं. एका चित्रातल्या बाईच्या ओढणीची किनार त्यांनी मला दाखवली. ओढणी पारदर्शक, आतून हाताचा रंग दिसतोय, आणि किनारीवरचा प्रत्येक ठिपका वेगळा उचललेला. "एक केस असलेला ब्रश," ते म्हणाले, "आणि दिवाळीपर्यंत एक ओढणी." मी विचारलं, कापड कुठलं असेल? ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी गप्पच बसलो.

जहांगीरमध्ये शिरताना त्यांनी चपला झटकल्या. देवळात शिरताना झटकतात तशा.

ही गॅलरी सर कावसजी जहांगीर यांनी अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने दिली, १९५२ साली. चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी तिच्यासाठी आग्रह धरला होता. बाहेरून बघताना मला ती फार मोठी वाटली नाही. कोऱ्या भिंती आणि उघडी दारं. कुणीही आत येतं, तिकीट नाही. ओले छत्रीवाले, कॉलेजची पोरं, एक पोस्टमन. त्या आठवड्यात तिघांची प्रदर्शनं होती. एकाची चित्रं नुसती करड्या रंगाची, दुसऱ्याचे बैल. बैलांपाशी आप्पा थांबले. "याने बैल बघितलाय, पण गोठ्यातला नाही, रस्त्यावरचा," असा निकाल दिला. चित्रकार तिथेच खुर्चीवर बसलेला होता आणि त्याने ऐकलं. मला वाटलं आता होतंय काहीतरी. तर तो हसून म्हणाला, "बरोबर आहे सर, मी गिरगावचा." पुढे पाऊण तास दोघं बैलाच्या वशिंडावर बोलत होते. कॅफे समोवार २०१५ मध्ये बंद झालं नसतं तर तिथे चहा झाला असता. आम्ही पायरीवर टपरीचा प्यायलो.

आता मुख्य गोष्ट. गॅलरीच्या बाहेर फुटपाथवर चित्रकार बसतात. भिंतीला टेकून चित्रं लावलेली, वर प्लास्टिक. पावसाची सर आली की सगळे एका हाताने प्लास्टिक ओढतात आणि दुसऱ्या हाताने गिऱ्हाईक धरतात. त्यांतल्या एकाने आप्पांना गाठलं. वीस-बावीसचा पोरगा, हातात चारकोल. "अंकल, पोर्ट्रेट? बीस मिनट." आप्पा नको-नको म्हणत स्टुलावर बसले सुद्धा. टोपी काढायची की नाही, यावर थोडी चर्चा. टोपी ठेवली.

मी पोराच्या मागे उभा राहिलो. आप्पांनी बत्तीस वर्षं वर्गात काय शिकवलं ते मला पाठ आहे, कारण मीही त्याच वर्गात होतो. आधी अंडाकृती. मग मधोमध उभी रेघ, डोळ्यांची आडवी रेघ, नाक एवढ्यावर, तोंड एवढ्यावर. ज्याने अंडाकृती न काढता डोळा काढायला घेतला त्याच्या बोटांवर पट्टी.

या पोराने कोऱ्या कागदाच्या मधोमध, पण जरा डावीकडे, डावा डोळा काढला. अंडाकृती नाही, रेघ नाही, काही नाही. नुसता डोळा, त्याखालची पिशवी, तिच्या सुरकुत्या. मग तिथून भुवई, भुवईवरून नाकाचा घाट, जणू विहिरीला पाणी लागतं तसा चेहरा एका जागेवरून भरत गेला. दुसरा डोळा बरोब्बर जिथे हवा तिथे उतरला. मी मोजत होतो, कुठे चुकतो बघू. चुकला नाही. चुकला फक्त कानाला, कारण तेव्हाच सर आली आणि त्याला प्लास्टिक ओढायला उठावं लागलं.

आप्पांना समोरून काहीच दिसत नव्हतं. कागद हातात आला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा कान बघितला. "कान छोटा हो गया," त्यांच्या खास अमळनेरी हिंदीत. "हमारे तरफ कान बडे रहते."

"अंकल, बारिश में सिकुड गया," पोरगा म्हणाला.

पैसे दिले, कागद गुंडाळून प्लास्टिकमध्ये घातला. मी आप्पांना सांगितलं की याने डोळ्यापासून सुरुवात केली. ते काही बोलले नाहीत. रात्री दिवा घालवल्यावर, भिंतीकडे तोंड करून, म्हणाले, "नुसत्या डोळ्यापासून?"

"हो."

"आणि डोकं मावलं कागदात?"

"मावलं ना, टोपीसकट."

बराच वेळ पंख्याचा आवाज येत राहिला. झोप लागली असं वाटलं तेवढ्यात, "मी किती पोरांना मारलं रे त्यावरून."

बुधवार

सकाळी टॅक्सीने भायखळा. राणीच्या बागेच्या गेटवर शुकशुकाट. बाग बुधवारी बंद, शेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारी बंद. हे जगाला माहीत आहे, मोबाईलमध्ये आहे, गेटवर पाटी आहे. मी बघितलं नव्हतं. टॅक्सीवाल्यालाही माहीत असणार, पण त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आप्पा एवढंच म्हणाले, "राजा आज भेटणार नाही म्हणतोय."

मग लोकलने परत सीएसएमटी, आणि तिथून पायी. हे बरंच झालं म्हणायचं, कारण घोडा बघायच्या नादात हा दिवस हातचा गेला असता.

सीएसएमटी आपण गाडी पकडायला बघतो, म्हणजे बघतच नाही. त्या दिवशी समोरच्या फुटपाथला उभं राहून बघितली. फ्रेडरिक स्टीव्हन्सची इमारत, १८७८ ते १८८७ अशी दहा वर्षं बांधली. दगडावरचं बरंचसं नक्षीकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचं. मोर, माकडं, पानं, वेली. आप्पा पानं ओळखत होते. मी कापसाचं बोंड शोधत होतो. मला पक्कं वाटत होतं की ज्या रेल्वेने आमच्याकडच्या गाठी चाळीस-पन्नास वर्षं ओढून आणल्या, तिच्या घरावर एक तरी बोंड कोरलेलं असणार. मान दुखेपर्यंत बघितलं. वर शेती, व्यापार, अभियांत्रिकी अशा बायका बसवल्यात म्हणे. बोंड मला तरी दिसलं नाही.

"पोरं मुंबईची," आप्पा म्हणाले. "त्यांनी बोंड कुठे बघितलं?"

जे. जे. तिथून हाकेच्या अंतरावर. १८५७ चं. आत जाता आलं नाही, कॉलेज आहे, बघायची जागा नाही, हे वॉचमनने बरोबर समजावलं. आप्पा गेटच्या गजांना धरून झाडांकडे बघत उभे राहिले. त्यांचं इथे काही राहून गेलं नव्हतं. त्यांनी कधी अर्जही केला नव्हता. त्यांना फक्त ती जागा बघायची होती जिथून ग्रिफिथ्स निघाला.

ही गोष्टही वर्गातलीच. रॉबर्ट गिल नावाच्या फौजी चित्रकाराने १८४४ पासून वीसेक वर्षं अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या नकला काढल्या. त्या लंडनला गेल्या आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग १८७२ पासून जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन थंडीच्या दिवसांत अजिंठ्याला यायला लागले. तेरा वर्षं चाललं ते काम. त्या नकलाही लंडनला गेल्या आणि १८८५ मध्ये त्यांतल्या कितीतरी पुन्हा आगीत गेल्या. "मूळ चित्रं डोंगरात दीड हजार वर्षं राहिली," आप्पा म्हणतात, "आणि नकला लंडनला वीस वर्षं टिकेनात." गिल १८७९ साली गेला. त्याची कबर भुसावळला आहे. भुसावळच्या लोकांना विचारा, दहातल्या नऊ जणांना ठाऊक नाही.

डी. एन. रोडच्या कमानींखालून, पावसातून सुके, हुतात्मा चौकात आलो. शेतकरी आणि कामगार मशाल धरून उभे. आप्पांनी टोपी काढली. शेजारी फ्लोरा फाउंटन, १८६४ चं. मी ते साल मनात ठेवलं.

डबा खाल्ला हॉर्निमन सर्कलच्या बागेत. दुसऱ्या दिवशीची दशमी पहिल्या दिवशीपेक्षा चांगली लागते, हे मी कुणाशीही पैज लावून सांगेन. समोर टाउन हॉलच्या पायऱ्या, १८३३ ची इमारत, मागे सेंट थॉमस चर्च, १७१८ चं. आणि या गोल बागेच्या जागी पूर्वी मोकळं मैदान होतं, बॉम्बे ग्रीन. तिथे कापसाच्या गाठींच्या थप्प्या लागायच्या. १८४४ च्या सुमारास तो बाजार कुलाब्याला हलवला. म्हणजे आम्ही बसलो होतो तिथे, चर्चच्या दारात, कापूस पडलेला असायचा. मी ठेचा खाता खाता जमिनीकडे बघितलं. सवय. कुठे रुईचा पुंजका दिसतो का.

मग मी आप्पांना माझी गोष्ट सांगितली. तीस वर्षं त्यांच्या ऐकल्या, एक माझी.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला. लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं. भाव असे चढले की आमचे पणजोबा सांगत, कुणीतरी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या. धाव म्हणजे चाकावरचा लोखंडी पट्टा. पणजोबा थापा मारत असतील, पण थाप मारायलाही काहीतरी लागतं. खान्देशातून, वऱ्हाडातून माल मुंबईला यायचा. रेल्वे तेव्हा घाटात अडकलेली. थळ घाटाचा मार्ग सुरू झाला तोच १८६५ मध्ये, तेजी संपता संपता. आणि माझ्या धंद्याची खरी मजा पुढे आहे. भाव चढले तसं लोक कापसात पाणी मारायला लागले, माती घालायला लागले, सरकी मिसळायला लागले. इतकं, की १८६३ मध्ये मुंबई सरकारला कापसातल्या भेसळीविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. मी गाडीत मीटर खुपसतो तेव्हा समोरचा म्हणतो, "भाऊ, दवानं भिजलाय." तेव्हाही हेच म्हणत असतील.

मुंबईत पैशाचा पूर आला. बॅक बे रेक्लेमेशन कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. त्या सगळ्या सट्ट्याचा राजा प्रेमचंद रायचंद. १८६४ मध्ये, ऐन भरात, त्याने विद्यापीठाला लायब्ररीसाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख दिले. अट एकच, मनोऱ्याला आईचं नाव द्यायचं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, भाव कोसळले, १ जुलै १८६५ ला मुंबईत हाहाकार, आणि प्रेमचंद बुडाला. मनोऱ्याचं बांधकाम सुरू झालं १८६९ मध्ये. पूर्ण झालं १८७८ मध्ये. पैसा देणाऱ्याकडे पैसा उरला नव्हता आणि मनोरा वर चालला होता.

"चल, दाखव," आप्पा म्हणाले.

ओव्हल मैदानावर गेलो. मैदान हिरवंगार, मधे डबकी, त्यातही पोरं क्रिकेट खेळतायत. एका बाजूला आर्ट डेको इमारतींची रांग, दुसऱ्या बाजूला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर. २८० फूट. ही सगळी ओळ २०१८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. सांगतात की राजाबाईंना दिसत नव्हतं आणि सूर्यास्ताआधी जेवायचा त्यांचा जैन नेम, म्हणून घड्याळाचे ठोके. आम्ही ठोक्यांची वाट बघत ओल्या कठड्यावर बसलो. आप्पांनी वही काढली आणि मनोरा काढायला घेतला. मी तिरक्या डोळ्याने बघत होतो. आधी उभी मधली रेघ, मग वरपासून खालपर्यंत भाग पाडले. पट्टी नसली तरी पट्टीने काढल्यासारखे. मग थांबले. पान उलटलं. कोऱ्या पानावर आधी घड्याळाची तबकडी काढली.

चित्र कसं झालं ते सांगत नाही. वही त्यांची आहे. पण शिखर कागदात मावलं नाही, एवढं सांगतो.

मरीन ड्राइव्हला गेलो, भरती होती, भिजलो, परत आलो.

गुरुवार

पहाटे ससून डॉक, माझ्या हट्टाने. १८७५ चं, घोडा देणाऱ्या त्याच अल्बर्ट ससूनचं. कापसाच्या आणि अफूच्या व्यापारात ससूनांनी काय कमावलं असेल ते आता मासळीच्या वासात शोधायला लागतं. कोळणी उकिडव्या बसून कोळंबी सोलत होत्या, बोटं इतकी भराभर की दिसेनात. आप्पांनी एकीला विचारलं, "ताई, दिवसाला किती होतात?" ती म्हणाली, "बाबा, मोजत बसले तर होतील का?" भिंतींवर मोठमोठी चित्रं आहेत. २०१७ मध्ये इथे कलाकारांनी प्रदर्शन भरवलं होतं. आप्पांनी चित्रं बघितली नाहीत, बोटं बघितली.

मॉडर्न आर्ट गॅलरीत थोडा वेळ. इमारत १९११ ची, कावसजी जहांगीर हॉल. पूर्वी इथे सभा आणि कार्यक्रम व्हायचे, १९९६ पासून गॅलरी. अर्धगोल जिन्याने चढत वरच्या घुमटाखाली पोचेपर्यंत आप्पांचे गुडघे बोलायला लागले, आणि वरच्या मजल्यावर जे होतं त्याबद्दल त्यांचं मत छापण्यासारखं नाही.

मग पुन्हा भायखळा. आज बाग उघडी. पेंग्विनसाठी शाळेच्या बसेस, पोरांची झुंबड. आम्ही विचारत विचारत, "घोडा कुठे? पुतळा." "पेंग्विन तिकडे." "पेंग्विन नाही, घोडा." शेवटी संग्रहालयाच्या मागच्या बाजूला सापडला.

मोठा आहे. फोटोत वाटतो त्याहून फार मोठा. काळपट ब्राँझ, त्यावर पावसाचं पाणी, घोड्याच्या मानेवरच्या शिरा खऱ्या वाटाव्यात अशा. जोसेफ बोहमने केलेला. चौकातून हलवलेले आणखीही इंग्रज इथे आसपास उभे आहेत, त्यांच्याकडे कुणी बघत नाही. आप्पा घोड्याभोवती पूर्ण फेरी मारून आले. मग संग्रहालयासमोरच्या दगडी हत्तीपाशी गेले. घारापुरीचा हा हत्ती, ज्यावरून इंग्रजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. आणि भाऊ दाजी, ज्यांचं नाव १९७५ मध्ये या संग्रहालयाला दिलं, त्यांनी अजिंठ्याचे शिलालेख वाचून त्यांची भाषांतरं केली होती. हे आप्पांना माहीत होतं, मला नव्हतं. "सगळे आपल्याकडेच येऊन गेलेत," ते म्हणाले. "आपणच यायला उशीर केला."

रात्रीच्या गाडीत डब्यात एक दशमी उरली होती, ती अर्धी-अर्धी खाल्ली. चाळीसगाव कधी गेलं कळलं नाही, दोघंही झोपलो होतो.

शुक्रवारी सकाळी घरी पोचलो तेव्हा माय अंगणात पाणी टाकत होती. कानबाईला अजून आठवडा होता, तरी आम्ही उशीर केल्यासारखा तिचा चेहरा. आप्पांनी प्लास्टिक सोडून ते पोर्ट्रेट तिच्यासमोर धरलं. तिने हात पदराला पुसले, लांब धरलं, जवळ धरलं.

"हाऊ कोन शे?"

"मी. दुसरं कोण?"

तिने पुन्हा एकदा कानाकडे बघितलं. "हाऊ ते तुम्हना भाऊ दिखस," म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.